बंद पडलेल्या रेड संचातून डेटा परत मिळवताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

चार डिस्कच्या नॅस पेटीवर (नेटवर्कवरून सर्वांना फाइली पुरवणारी साठवण-पेटी) लाल दिवा लागला, फोल्डर उघडेनासे झाले आणि पडद्यावर ‘दुरुस्त करा’ असे बटण दिसू लागले, की बहुतेकांचा हात आपोआप त्या बटणाकडे जातो. ते बटण दाबू नये, हे या लेखाचे पहिले सांगणे आहे आणि पुढचे सर्व विवेचन त्याच्याच आधारे केले आहे. रेड संच, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कचा गट, बंद पडला तरी त्यातील डेटाचा मोठा भाग बहुधा डिस्कवर शाबूत असतो, आणि तो कायमचा जातो तो पुष्कळदा नंतरच्या घाईत त्याच डिस्कवर काहीतरी लिहिले गेल्यामुळे. म्हणून मूळ डिस्कवर एक बिटही न लिहिता सर्व काम त्यांच्या प्रतींवर करायचे, एवढी शिस्त पाळली तर नवख्या माणसालाही बरेच काही वाचवता येते.

इंदुरात अशा पेट्या आता ठिकठिकाणी दिसतात. लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ, सनदी लेखापालांची कार्यालये, छापखाने, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जपणारी मराठी मंडळे, अशांकडे दोन किंवा चार डिस्कची नॅस असते, पण तिची देखभाल करणारा पगारी माणूस नसतो. ती बंद पडली की ‘त्याला कॉम्प्युटरमधले कळते’ असे म्हणून एखाद्या पुतण्याला किंवा भाचीला फोन जातो. हा लेख मुख्यतः त्या पुतण्यासाठी आणि भाचीसाठी आहे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याची भीती नसावी, एवढीच पूर्वतयारी मी गृहीत धरली आहे.

रचना समजून घ्या

अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यांना एका मोठ्या आणि भरवशाच्या डिस्कसारखे वापरण्याची ‘रेड’ ही पद्धत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून लिहिलेल्या निबंधात मांडली. रेड १ ते रेड ५ हे क्रमांक त्याच निबंधातले आहेत. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो, त्यामुळे तेथील काम सर्वांत सोपे असते. रेड ० मध्ये डेटा तुकड्यातुकड्यांनी वाटलेला असतो आणि जादा प्रत कोठेच नसते, म्हणून एक डिस्क पुरती गेली तर अगदी लहान फाइलींपलीकडे फारसे हाती लागत नाही.

रेड ५ मध्ये ठरावीक मापाचे तुकडे आळीपाळीने सर्व डिस्कवर टाकले जातात आणि अशा प्रत्येक ओळीत एक तुकडा पॅरिटीचा असतो. समजा तीन डिस्कवरचे बिट अनुक्रमे १, ० आणि १ आहेत, तर एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहिला जातो. दुसरी डिस्क गेली तर उरलेल्या १, १ आणि ० यांवरून गेलेला बिट ० होता हे काढता येते. हा हिशेब एकाच डिस्कच्या अनुपस्थितीत चालतो. रेड ६ मध्ये दोन वेगवेगळ्या पॅरिटी असल्यामुळे तो दोन डिस्कपर्यंत चालतो.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. एका स्टुडिओत प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ संच आहे, म्हणजे वापरायला १२ टीबी जागा मिळते. मार्चमध्ये दुसरी डिस्क संचाबाहेर पडली, पण लग्नसराईच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण अशा अपुऱ्या अवस्थेतही फाइली नेहमीसारख्या उघडत राहतात. जूनमध्ये वादळी पावसाच्या संध्याकाळी वीज दोन-तीनदा गेली आणि आली, चौथी डिस्कही बाहेर पडली आणि संच पूर्ण थांबला. वरवर पाहता दोन डिस्क गेल्या, म्हणजे सर्व संपले असे वाटते. तसे नसते, आणि का नसते हे नोंदी वाचताना कळेल.

पहिला तास

पेटी नीट बंद करावी. डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर नेहमीच्या पद्धतीने बंद होण्याचीही वाट न पाहता वीज तोडावी, कारण वाचणारे शीर्ष तबकडीला घासत असेल तर प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडला जातो. मग डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवून ती कोणत्या खणातली आहे ते लिहावे आणि अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो घ्यावा. काय झाले, कधी झाले, नंतर कोणी कोणते बटण दाबले, याची माहिती सर्वांकडून विचारून कागदावर उतरवावी. लोक ओशाळून काही गोष्टी लपवतात, म्हणून हे विचारताना आवाज चढवू नये. कोणी मध्येच रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा उरलेल्या डिस्कवरून काढून नव्या डिस्कवर लिहिणे) सुरू करून थांबवला असेल, तर ती माहिती फार मोलाची ठरते.

या तासात काय करू नये याची यादी मोठी आहे. नवी डिस्क घालून रिबिल्ड सुरू करू नये. डिस्कची अदलाबदल करून ‘या खणात चालते का’ असे पाहू नये. दुसऱ्या कंपनीच्या पेटीत डिस्क घालू नये, कारण ती पेटी त्या डिस्क नव्या समजून फॉर्मॅट करू पाहील. विंडोजच्या संगणकाला डिस्क जोडलीच, तर तो ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉर्मॅट’ करण्याबद्दल विचारतो. दोन्हींना नकार द्यावा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजूनही कोणीतरी सुचवतोच. त्याने आत दव साचते, इतकेच होते.

रिबिल्डबद्दल थोडे अधिक. चार डिस्कच्या आपल्या संचात एक डिस्क बदलून रिबिल्ड करायचा म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क टोकापासून टोकापर्यंत, एकूण १२ टीबी, विनाचूक वाचाव्या लागतात. घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या तांत्रिक पत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचे प्रमाण १०^१४ बिटांमागे एक, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे एक, असे दिलेले असते. प्रत्यक्षात चांगली डिस्क यापेक्षा बरीच सरस निघते, पण सर्व डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या आणि सारख्याच झिजलेल्या असताना त्यांना सर्वांत जड काम नेमके आजारपणात करायला लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

बिघाड कोठे आहे

एकाच क्षणी दोन-तीन डिस्क नाहीशा झाल्या असतील, तर डिस्कपेक्षा त्यांना जोडणाऱ्या सामाईक भागांवर आधी संशय घ्यावा. पेटीचा वीजपुरवठा अशक्त झाला की सुरू होतानाचा भार त्याला झेपत नाही आणि चांगल्या डिस्कही एकामागून एक गळतात. यासाठी डिस्क साध्या डेस्कटॉप संगणकाच्या साटा जोडणीला एकेक करून लावाव्यात आणि स्मार्टसीटीएल या साधनाने त्यांची ‘स्मार्ट’ नावाची आरोग्य-नोंद वाचावी. यूएसबी डॉक शक्यतो टाळावा, कारण काही डॉक ही नोंद लपवतात आणि काही सेक्टरचे (डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्याचे) माप वेगळे दाखवतात. साटा केबल आणि वीज-जोडण्या येथे आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधील संगणक दुकानांत मिळतात; जुन्या केबलवर विसंबण्यापेक्षा नव्या घ्याव्यात.

नोंदीतील चार आकडे पुरेसे आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर. क्रमांक १९९ हा देवाणघेवाणीतील चुका मोजतो आणि तो वाढलेला असेल पण इतर तिन्ही शून्य असतील, तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. डिस्क अजिबात ओळखली जात नसेल किंवा क्षमता शून्य दाखवत असेल, तर या लेखातील घरगुती पायऱ्या तिच्यासाठी नाहीत. ती बाजूला ठेवावी.

प्रती काढणे

हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक मूळ डिस्कची, सेक्टरनुसार, संपूर्ण प्रत हवी, म्हणजे आपल्या उदाहरणात १६ टीबी जागा प्रतींसाठी आणि काढलेल्या फाइलींसाठी आणखी १२ टीबीपर्यंत. हा खर्च ऐकून मालक नाराज होतो. त्याला एवढेच सांगावे की या डिस्क पुढे नव्या संचात आणि बॅकअपसाठी कामी येतील.

साधन आहे ग्नू डीडीरेस्क्यू, जे डेबियन आणि उबुंटूमध्ये जीडीडीरेस्क्यू या नावाच्या पॅकेजमध्ये मिळते आणि सिस्टिमरेस्क्यू या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये आधीच असते. साधी नक्कल करणारी साधने खराब जागी अडकतात किंवा थांबतात. डीडीरेस्क्यू मात्र पहिल्या फेरीत सहज वाचता येणारे सर्व उचलते, अवघड जागा ओलांडून पुढे जाते आणि नंतर मागे येऊन त्या जागा थोड्या-थोड्या करून वाचण्याचा प्रयत्न करते. त्याचा हिशेब ते मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलीत ठेवते. ही फाइल द्यायला कधीही विसरू नये, कारण मध्येच वीज गेली तरी तिच्यामुळे काम होते तेथून पुढे सुरू होते. पहिली फेरी ‘स्क्रेप’ हा, खराब जागा सेक्टर-सेक्टर करून वाचण्याचा, टप्पा वगळून चालवावी, सर्व डिस्कची ती फेरी पूर्ण करावी आणि मगच अवघड जागांसाठी दोन-तीन पुनर्प्रयत्न द्यावेत. निरोगी ४ टीबी डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबी या वेगाने वाचली गेली तर साधारण साडेसात तास लागतात. आजारी डिस्कला कित्येक दिवसही लागू शकतात.

स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते हे आज्ञेत उलटे लिहिले गेले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि तेथे खेळ संपतो. लिनक्स डिस्कना जी अक्षरे देतो ती संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी प्रत्येक वेळी अनुक्रमांक ताडून पाहावा आणि शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. काही लिनक्स आवृत्त्या रेडचे सदस्य दिसताच संच आपोआप जुळवू पाहतात. मूळ डिस्क एका वेळी एकच जोडल्यास हा धोका कमी होतो. मे-जूनच्या उकाड्यात उघड्या ठेवलेल्या डिस्कसमोर टेबलफॅन लावावा आणि संगणक यूपीएसवर असावा.

सर्व प्रती झाल्या की मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवाव्यात. यापुढे त्यांना हात लावायचा नाही.

नोंदी वाचणे

सिनॉलॉजी आणि क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांच्या बहुतेक नॅस पेट्या आतून लिनक्सचीच रेड प्रणाली वापरतात, त्यामुळे त्यांच्या डिस्क साध्या लिनक्स संगणकावर एमडीएडीएम या साधनाने वाचता येतात. प्रत्येक डिस्कवर पेटीच्या स्वतःच्या प्रणालीसाठी लहान विभाजने असतात आणि डेटाचे विभाजन सर्वांत मोठे असते. आपल्याला ते मोठे विभाजन हवे. एमडीएडीएमच्या ‘एग्झॅमिन’ पर्यायाने त्यावरची नोंद वाचली, की संचाची ओळख, रेडचा प्रकार, तुकड्याचे माप, मांडणीची पद्धत, डेटा कोठून सुरू होतो, ही डिस्क संचात कितवी होती, शेवटचा बदल कधी झाला आणि ‘इव्हेंट्स’ नावाचा एक आकडा, एवढे सर्व मिळते. हे प्रत्येक डिस्कसाठी एका कागदावर रकाने पाडून उतरवावे.

इव्हेंट्सचा आकडा संचाच्या स्थितीतील प्रत्येक बदलाबरोबर वाढतो आणि संचात हजर असलेल्या सर्व डिस्कवर सारखाच असतो. जी डिस्क बाहेर पडते तिचा आकडा तेथेच गोठतो. आपल्या उदाहरणात पहिल्या आणि तिसऱ्या डिस्कवर ४८,२१०, चौथीवर ४८,१९६ आणि दुसरीवर ३१,०७७ असे आकडे आहेत असे समजा. यावरून सारी कथा कळते: चौथी अगदी शेवटी, वीज गेली तेव्हा बाहेर पडली आणि तिच्यावरचा डेटा जवळजवळ ताजा आहे, दुसरी मार्चमध्येच थांबली. म्हणजे पहिली, तिसरी आणि चौथी या तीन डिस्क घेतल्या तर संच उभा राहतो आणि रेड ५ ला चारपैकी तीनच लागतात.

नवखा माणूस येथे हमखास चुकतो, कारण स्मार्टची नोंद पाहता दुसरी डिस्क धडधाकट असू शकते आणि चौथीवर काही खराब सेक्टर असू शकतात. आरोग्य पाहून दुसरी घेतली आणि चौथी सोडली, तर मार्चमधील तुकडे आणि जूनमधील तुकडे एकमेकांत मिसळतात: जुन्या फाइली नीट उघडतात, मार्चनंतरच्या मोडलेल्या निघतात आणि फाइल व्यवस्थेचा, म्हणजे कोणती फाइल कोठे आहे याच्या नोंदींचा, पायाच विसंगत होतो. येथे डिस्कच्या तब्येतीपेक्षा तिच्या ताजेपणाला महत्त्व द्यावे. दुसरी डिस्क टाकून मात्र देऊ नये. चौथीवरील न वाचल्या गेलेल्या जागांपैकी मार्चपासून न बदललेल्या जागा भरून काढण्यासाठी जाणकाराला तिचा उपयोग होऊ शकतो.

संच जुळवणे

आता तीन प्रती एमडीएडीएमच्या ‘असेंबल’ पर्यायाने जुळवायच्या. चौथीचा आकडा किंचित मागे असल्यामुळे साधन तिला नाकारेल आणि ‘फोर्स’ जोडावे लागेल. हा पर्याय नोंदीतील आकडे बदलून लिहितो, त्यामुळे तो थेट प्रतींवरही चालवू नये. प्रती फक्त वाचण्यापुरत्या जोडाव्यात आणि त्यांच्यावर डीएमसेटअपने ओव्हरले बसवावा, म्हणजे जे काही लिहिले जाईल ते वेगळ्या फाइलीत साठते, प्रत अबाधित राहते आणि प्रयोग फसला तर ओव्हरले पुसून पुन्हा आरंभापासून सुरुवात करता येते. लिनक्स रेडच्या विकीवर याच्या आज्ञा क्रमाने दिलेल्या आहेत.

‘क्रिएट’ हा पर्याय नव्याने संच निर्माण करतो. पुष्कळ ठिकाणी तो उपाय म्हणून सुचवलेला दिसतो, आणि डिस्कचा क्रम, तुकड्याचे माप, मांडणी आणि डेटाचा आरंभबिंदू हे चारही तंतोतंत जुळले तर तो चालतोही. पण आरंभबिंदू एमडीएडीएमच्या आवृत्तीनुसार बदलत आला आहे, आणि एक जरी गोष्ट चुकली तरी संच पॅरिटी पुन्हा लिहायला घेतो. जुनी नोंद शिल्लक असताना हा मार्ग धरण्याचे काहीच कारण नाही.

नोंद पुसली गेली असेल तर ही मापे शोधून काढावी लागतात. चार डिस्कचे क्रमच २४ होतात. अशा वेळी यूएफएस एक्सप्लोरर, आर-स्टुडिओ, डीएमडीई किंवा रिक्लेमी यांसारखी साधने डेटाच्या ठेवणीवरून क्रम आणि माप ओळखण्यास मदत करतात, आणि पैसे भरण्यापूर्वी काय दिसते ते पाहण्याची सोय त्यांत असते. विंडोजवरच काम करणाऱ्यांनी सुरुवातीपासून हा मार्ग धरला तरी चालेल, मात्र प्रतींवरच.

सर्व्हरमधील हार्डवेअर रेड कार्डांची गोष्ट वेगळी. कार्ड बदलल्यावर किंवा डिस्क काढून घातल्यावर तेथे ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा संदेश येतो आणि ‘इंपोर्ट’ व ‘क्लिअर’ असे पर्याय शेजारीशेजारी दिसतात. ‘क्लिअर’ने संचाची नोंद जाते. प्रती घेतल्याशिवाय ‘इंपोर्ट’ही करू नये, कारण तेथेही शिळी डिस्क आत येऊ शकते.

फाइली काढणे

संच उभा राहिला तरी फाइल व्यवस्था लगेच दुरुस्त करायला जाऊ नये. क्रम चुकला असेल तर एफएससीके हे साधन चुकीच्या चित्रालाच खरे मानून योग्य नोंदी मोडून टाकते. आधी ते साधन काहीही न बदलता केवळ तपासणीच्या पर्यायाने चालवावे, मग फाइल व्यवस्था फक्त वाचण्यापुरती उघडावी. केवळ ‘वाचण्यापुरती’ असे सांगितले तरी ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था आपला जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवू पाहते, म्हणून तिला ‘नोलोड’ आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल व्यवस्थेला ‘नोरिकव्हरी’ असेही सांगावे. बीटीआरएफएस ही फाइल व्यवस्था उघडत नसेल तर तिचे ‘रिस्टोअर’ हे साधन न उघडताच फाइली दुसरीकडे काढून देते.

उघडल्यावर फोल्डरांची नावे दिसली म्हणून आनंद मानू नये. एमडीएडीएमचे तुकड्याचे नेहमीचे माप ५१२ केबी आहे, आणि त्याहून लहान फाइली क्रम चुकलेला असतानाही नीट उघडू शकतात. चाचणीसाठी सर्व डिस्कवर पसरेल अशी फाइल हवी: कॅमेऱ्याचा २०-३० एमबीचा रॉ फोटो, तासाभराचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत. फोटोत खालचा अर्धा भाग राखाडी दिसला किंवा आडवे पट्टे आले, तर मांडणी चुकली आहे. मार्चपूर्वीच्या आणि मार्चनंतरच्या, दोन्ही काळांतील फाइली तपासाव्यात. त्या ठीक असतील तर सर्वांत मोलाचे फोल्डर आधी, बाकीचे नंतर, अशा क्रमाने सर्व काही वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

फोटोरेक हे साधन फाइल व्यवस्था पार मोडली असेल तेव्हाच वापरावे. ते फाइलीच्या आरंभखुणेवरून तिला ओळखते, त्यामुळे नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. ते जुळलेल्या संचावरच चालवावे. एकेकट्या डिस्कवर चालवले तर तुकड्याहून मोठी कोणतीच फाइल अखंड येत नाही.

प्रयोगशाळेकडे कधी जावे

टकटक आवाज, डिस्क न ओळखली जाणे, प्रत काढताना वेग सेकंदाला काही केबीवर येऊन थांबणे, किंवा पॅरिटी झेपवेल त्याहून अधिक डिस्क खरोखरच मरणे, यांपैकी काहीही असेल तर थांबावे. काउंटरवरच ‘उघडून पाहतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला डिस्क देऊ नये. सर्किटचे हिरवे कार्ड दुसऱ्या डिस्कवरून काढून बसवणेही आधुनिक डिस्कमध्ये सहसा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी सांगणारी माहिती कार्डावरील चिपमध्ये असते. प्रयोगशाळेला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: डिस्क स्वच्छ कक्षात उघडली जाते का, प्रत काढूनच काम होते का, आणि पैसे घेण्यापूर्वी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवली जाते का. संचातील सर्व डिस्क द्याव्यात, मार्चमधली शिळी डिस्कही, आणि सोबत आपला रकान्यांचा कागद. पुण्या-मुंबईला पाठवायच्या असतील तर अँटिस्टॅटिक पिशवी आणि जाड फोम वापरावा. मी तर कुरियरपेक्षा रात्रीच्या बसने कोणी जात असेल त्याच्या मांडीवरच्या बॅगेतून पाठवणे पसंत करतो.

डेटा हाती आला तरी मूळ डिस्क आणि प्रती लगेच पुसू नयेत. मालकाने स्वतः बसून, विशेषतः शेवटच्या काही महिन्यांतील कामे उघडून पाहिली आणि लेखी होकार दिला, काढलेल्या डेटाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवली गेली, की मगच निरोगी डिस्क नव्या संचात घ्याव्यात. ज्या डिस्कवर १९७ किंवा १९८ हे आकडे वाढलेले होते, त्या पुन्हा वापरू नयेत. नव्या संचावर महिन्यातून एकदा स्क्रबिंग (सर्व डेटा वाचून पॅरिटीशी ताडून पाहणे) आपोआप चालेल असे लावावे आणि बिघाडाची सूचना ईमेलवर खरोखर येते का, हे एक डिस्क मुद्दाम काढून, संच अजून रिकामा असतानाच पाहून घ्यावे.